वुई

पुस्तकातली माणसं बर्फावर घसरायला जातात,
वाइनची यादी मागवतात,
हरवलेल्या सामानाची तक्रार इतक्या सभ्यपणे करतात
की सामानानं लाजून परत यावं.

माझ्या वर्गातली माणसं पहाटे साडेचारची व्हॅन पकडून
कोंबडीचे तुकडे पॅक करायला जातात.
त्यांना हवी असतात ती वाक्यं अशी :
हीटर चालत नाही.
बुरशी छतापर्यंत चढलीये.
माझ्या पगारातून हे कशाचे कापले?

म्हणून मंगळवारी रात्री जेवणाचं टेबल पुसून
मी कात्री घेऊन बसते.
क्रू स्टेशनात मालगाड्या डबे बदलत असतात,
मी क्रियापदं.
फुकट मिळणाऱ्या चित्रांत सगळीच कुटुंबं सोनेरी केसांची,
तेव्हा फोटो माझेच :
बसथांबा, औषधाच्या दुकानाचा हिरवा क्रॉस,
आणि बुरशी माझ्याच न्हाणीघरातली,
नमुना म्हणून फार उत्तम आलीये.
लॅमिनेटर पदरचे पैसे घालून घेतला.
पावती जपून ठेवलीये, उगाच.

तक्ता सत्ताविसावा : घरमालकाचं पत्र.
'वुई रिग्रेट' पासून सुरुवात, पुढे गाळलेल्या जागा.
जुव्हितानं पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं.
तिमोरची आहे. हात थंडीनं नेहमी फुटलेले.
"टीचर, हे वुई कुठलं?
इता, की आमी?"

मार्करचं टोपण माझ्या हातातच राहिलं.
इता म्हणजे तूसुद्धा, तिनं सांगितलं,
आमी म्हणजे तू सोडून.

आमी!
दापोलीचा माझा मामा भांडून निघताना म्हणायचा तसंच,
आमी नाय येनार.
नातं नाही, योगायोग आहे,
एवढं भाषाशास्त्र मलाही येतं.
तरी त्या दिवशी बोर्डाकडे तोंड करून
जरा जास्तच वेळ तारीख लिहीत राहिले.

आपण. आम्ही.
जन्मभर तोंडात दोन किल्ल्या बाळगल्या
आणि कधी खुळखुळवूनही पाहिल्या नाहीत.

त्याच रात्री अठ्ठाविसावा तक्ता केला.
सूचना : वाक्य वाचा. वर्तुळ काढा.
तुम्ही आत आहात की बाहेर?

वुई चिप्स मागवतोय.
वुई कर्मचाऱ्यांची कदर करतो.
वुई आज कसे आहोत? (नर्स. हातात सुई.)
वुई शुक्रवारपर्यंत घर रिकामं करायचंय.

मॉरीननं चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं.
साहित्य तपासायचं काम तिच्याकडे, बाई मनानं चांगली.
"गोड आहे गं, पण या पातळीच्या अभ्यासक्रमात कुठे बसवणार?
वुई सहसा असं काही करत नाही."
आणि बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

अकरा वर्षं आहे मी इथे.
समोरच्या कागदावर तो शब्द लिहून
भोवती वर्तुळ काढलं,
पेन्सिलनं,
आणि स्वतःला कुठे ठेवायचं ते न ठरवता
बिस्किट चहात बुडवलं. तुटलं.

तक्ता मी तरीही वाटला.
कदर करतो, यावर सगळे बाहेर, एकमतानं.
चिप्सवर मात्र भांडण पेटलं :
आब्राऊं म्हणे, पैसे कोण देतंय त्यावर आहे,
मागची सोमाली पोरं म्हणे, आधी विचारलं म्हणजे आतच,
आणि कुणीतरी, माझ्या लक्षात नाही कोण,
सबंध पानाभोवतीच एक रेघ मारून ठेवली.

पुढच्या गुरुवारी जुव्हिता वीस मिनिटं उशिरा आली.
रात्रपाळी करून थेट, केसांना अजून जाळी.
"वुई लेट, टीचर. सॉरी."
एकटीच होती.
मागे जिन्यात मी पाहिलं, कुणी नव्हतं.

'आर' राहिलं, एवढंच म्हटलं मी.
तिनं ते जोडून वाक्य पुन्हा म्हटलं.
वुईला हात लावला नाही.
उत्तरसूचीत त्यासाठी एक ओळ वाढवलीये.
तिच्यापुढे अजून काही लिहिलेलं नाही.