पाच नंबर

सुभान तडवीचा चेहरा मला नीट आठवत नाही.
अकरा वर्षं मी त्याच्या मागे उभा होतो,
गोलमध्ये,
भुसावळच्या रेल्वे मैदानावर,
जिथे मे महिन्यात गवत नाही, ढेकळं उगवायची.

पाठ आठवते.
निळ्या जर्सीवर वाकडा शिवलेला पाच,
त्याखाली घामाच्या मिठाचा पांढरा नकाशा,
आणि डाव्या खांद्याची ती हालचाल:
ती झाली की समजायचं, चेंडू उजवीकडून येतोय.

यावलकडच्या पाड्यावरून आला, अनवाणी.
खेळाडू कोट्यातून खलाशी लागला.
लोको शेडात दिवसभर ग्रीस,
चार वाजता बूट. माझेच जुने, पुढे कापूस कोंबून.
गोल मारणारे पुढे टीसी झाले.
सुभान शेडातच राहिला.

खंडव्याचा सेंटर फॉरवर्ड एकदा त्याला म्हणाला,
"तू माणूस आहेस की बफर?"
सुभान हसला.
पाठीवरूनही कळतं हसणं.

त्याच्या नावावर एकच गोल.
नागपूरला, फायनलला, एकोणनव्वदाव्या मिनिटाला,
माझ्याच जाळ्यात.
परतीच्या पॅसेंजरमध्ये बडनेऱ्यापर्यंत गप्प होता.
मग म्हणाला, "तू हाक नाही मारली."

नव्हती मारली.
सगळ्यांना मात्र सांगितलं होतं, मारली म्हणून.
त्याने ते कधी खोडलं नाही.

परवा रेल्वे दवाखान्यात, गुडघ्यांच्या रांगेत,
तो माझ्यापुढे तिसरा.
मी हाक मारली.
वळायच्या आधी
त्याचा डावा खांदा हलला.