एकेचाळीसाव्या सेकंदाआधी

घणसोली गावात, मारुतीच्या देवळामागे,
खाली स्कूटर धुण्याचं दुकान, वर माझा स्टुडिओ.
भिंतींना अंड्यांचे ट्रे. पंखा बंद ठेवून काम,
नाहीतर तोही रेकॉर्ड होतो.

तिथे मी तिला पहिल्यांदा कापलं.
एकाहत्तर सालची तबकडी, मेरसिन नावाचं बंदर,
नर्मीन नावाची बाई. भाषा कळली नाही.
सात सेकंद उचलले, दोन पट्ट्या वर चढवले,
खाली ढोलकी, ताशा,
आणि निकेशच्या तोंडी नवरीच्या चुलत्याची थट्टा.

त्या मोसमात दिव्यापासून उरणपर्यंत
तिच्याशिवाय हळद लागली नाही.
बायका तिच्या शब्दांवर ओठ हलवायच्या,
माहेरचे असल्यासारखे.

मग नोटीस.
वाशीला, सेक्टर सतरात, वकील घरतबाई
चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
"०:४१ ते ०:४८. घेतलंत?"
मी म्हणालो, सगळेच घेतात.
"हेच उत्तर पाठवू त्यांना?"

सोबत भाच्याचं पत्र होतं,
मशीनने मराठीत आणलेलं, मोडकं :
आत्या त्या दिवशी ताप होती.
आत्या एकदाच गायली, दुसऱ्या वेळेचे पैसे नव्हते.
आत्याने तुमचे गाणे माझ्या फोनात ऐकले.
ती विचारली, लग्न कोणाचे आहे.
आत्या आता नाही.

रक्कम ठरली. हप्त्यावरची गाडी गेली,
गाणं उतरवलं.
चौदा दिवस कुणाचा फोन घेतला नाही,
आईला वाटलं पोरीबिरीचं काही असेल.

निकेश म्हणाला, नवीन कर, मांडव थांबत नसतात.
दिवाळ्याहून जोमाकाकाला बोलावलं.
त्याने बेंजोवर त्या रिकाम्या जागेत
भलतंच काहीतरी वाजवलं, झकास.
कुठलं रे काका?
"मना ठावं नाय कुठशी आयलं. बोटांना ठावं."
मी पुढे विचारलं नाही.
विचारलं की कागद होतो.

रात्री अडीचला ट्रॅक साफ करताना
एकेचाळीसाच्या जरा अलीकडे
पडद्यावर तांदळाच्या कणीएवढी लाट दिसली.
हेडफोन घट्ट दाबून ऐकलं.

गाण्याआधी तिने घेतलेला श्वास.
त्यात बारीक घरघर.

नोटिशीत तो नाही.
त्यांची मोजणी आवाजापासून सुरू होते.
डिलीटवर बोट ठेवलं, तसंच ठेवून बसलो.
खाली दुकानातला नळ
कुणीतरी नीट बंद केला नव्हता.

नव्या गाण्यात आधी ती श्वास घेते,
मग जोमाकाका वाजवतो.
घरतबाईंना सांगितलेलं नाही.

परवा रबाळ्याला एका हळदीत मागे उभा होतो.
त्या अर्ध्या सेकंदाला
सगळ्या मांडवाचे हात वर गेले,
आता कुणीतरी गाणार म्हणून.