शटलचा दुसरा अर्थ

बँकेचा फॉर्म भरता यावा म्हणून नाव घातलं होतं.
पण हिरेमठ सरांच्या गठ्ठ्यातून पुस्तकं निघाली
चंद्रावर वस्ती करण्याची.
कुठल्याशा शाळेनं काढून टाकलेल्या सतरा प्रती.
वर काचेचा घुमट, आत एकच हिरवं रोप.
"आधी चंद्रावर जाऊन येऊ," सर म्हणाले, "बँक काय, वाटेतच आहे."

विडी घरकुलातली वाचनालयाची खोली,
रात्रीचे साडेआठ, पत्रा अजून तापलेला.
नागव्वाच्या बोटांना तंबाखूचा वास,
माझ्या केसांत दिवसभराच्या कांड्यांचा कापूस.

लाँच झालं. क्रू झालं.
ऑर्बिट म्हणजे कुणाभोवती तरी फिरत राहणं,
न पडता, न सुटता.
जुबेदा म्हणाली, "मग सोळा वर्षं मी तिथंच आहे की."
सर फळा पुसत राहिले, पुसून झालेला.

मंगळवारी शटल.
जाऊन परत येणारं यान, सर सांगू लागले,
तोच मल्लेशम इरबत्ती उठला,
छत्तीस वर्षं मागावर, डाव्या कानानं गेलेला,
म्हणून सगळ्यांशी ओरडूनच बोलणारा:
"शटल आम्हाला शिकवलालाव व्हय, सर?"
आणि पिशवीतून काढून टेबलावर ठेवला
धोटा.
टोकांना लोखंडी नाक, पोटात रिकामी कांडी,
लाकूड हाताच्या घामानं काळं.
सरांनी तो उचलला, वजन पाहिलं,
कुठून कुठं जातो विचारलं.
"हितनं तितं. तितनं हितं.
मिनिटाला शंभरदा. चादर होईस्तोवर."
त्या दिवशी शब्दार्थ सरांनी उतरवून घेतले.

सेटल या शब्दावर वाक्य करा.
माझं तयार होतं: मुलगा पुण्यात सेटल झाला.
जुबेदाचं: टँकरच्या पाण्यात गाळ सेटल होतो.
मल्लेशम म्हणाला, मिल बंद झाली,
बापाचं सेटलमेंट अजून यायचंय.
बाप जाऊन अकरा वर्षं झाली, हे वाक्यात नव्हतं.
तिन्ही बरोबर, सर म्हणाले.
पुस्तकातला अर्थ चौथा:
जिथं कुणीच नाही, तिथं जाऊन राहणं.

नागव्वानं विचारलं, "तितं पाणी कितव्या दिवशी सोडतात?"
सरांनी पानं चाळली.
खोल खड्ड्यांच्या सावलीत बर्फ आहे म्हणे,
खणायचं, वितळवायचं, मोजून प्यायचं.
"मग आम्हालाच न्या की.
रात्री दोनला उठायची सवय हाय,
पिंपं घरची हायेत."
वजन तिथं सहावा हिस्सा भरतं, हे ऐकून मात्र
ती गप्प झाली. मग हळूच:
"मजुरी पण?"

घरी जाताना बंद मिलच्या चिमणीला
चंद्र टेकलेला होता, एका बाजूनं झिजलेला.
घरात आम्ही त्याला तेलुगूत मामा म्हणतो,
शाळेत मराठीत मामाच होता,
शेजारची नागव्वा कानडीतही मामाच म्हणते.
इंग्रजीत तो कुणाचा कोणीच नाही.
पुस्तक पुन्हा पुन्हा बघितलं, नात्याचा शब्द नव्हता.
म्हणूनच तिथं राहायला जाणं त्यांना सोपं वाटत असेल.
मामाकडे आपण
चार दिवसांनी परत यायला जातो.

फॉर्म भरला अखेर. नाव, पत्ता, जन्मतारीख अंदाजे.
व्यवसायाच्या रकान्यात पेन थांबलं.
कांड्या भरते, याला सरांनी दिलेला शब्द होता,
पाठ केलेला, ऐन वेळी आठवेना.
मी लिहिलं: शटल क्रू.
खिडकीतल्या मुलीनं वाचलं, चष्म्यावरून बघितलं.
"एक टी राहिला," म्हणाली,
तिनंच तो घातला,
आणि शिक्का मारला.