अपठित उतारा

पूर्वपरीक्षा, दहावी 'ब'चा गठ्ठा.
ऐरोली, सेक्टर आठ, जेवणाचं टेबल,
एका ताटापुरती जागा सोडून सगळीकडे पेपर.

प्रश्न दुसरा. ओहोटीला एक माणूस खाडीतून वर येतो.
हातात चिंबोऱ्यांची पिशवी,
एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा.
बांधावर बसून बराच वेळ पाण्याकडे पाहतो.
अ) एका पायातली चप्पल कशाचे प्रतीक आहे?
आ) त्या माणसाचा स्वभाव लिहा.
इ) लेखकाचा हेतू स्पष्ट करा.

नमुना उत्तर शेजारी, माझ्याच अक्षरात:
दारिद्र्य. सहनशील. समाजाचे लक्ष वेधणे.
एकतीस जणांनी दारिद्र्य लिहिलं,
त्यातल्या नऊ जणांचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं.
एकाने विरह लिहिला. कुणाचा, ते नाही.

मग हर्षाली मढवी, दिवा कोळीवाडा:

"प्रतीक वगैरे नाही. चप्पल चिखलात राहिली.
खाजणातला चिखल पाय सोडतो, चप्पल सोडत नाही.
माझा काका चपला बांधावर काढून मगच उतरतो.
हा घालून उतरला म्हणजे नवीन आहे, नाहीतर घाईत.
स्वभाव: चप्पल शोधायला पिशवी खाली ठेवली नाही,
एवढंच कळतं.
आणि तो पाण्याकडे असाच बघत नाही,
भरती कधी लागेल ते बघतोय."

इ) च्या खाली शाई बदललेली, निळ्याची काळी:

"लेखक पुलावर होता. जवळ असता तर
चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधल्या होत्या का ते लिहिलं असतं.
त्याला हाक मारावीशी वाटली असेल.
मारली नाही, म्हणून उतारा लिहिला."

उताऱ्याखाली लेखकाचं नाव छापलं नव्हतं.
जानेवारीत मुलुंडहून येताना
बस पुलाच्या मधोमध बंद पडली होती.
कंडक्टर म्हणाला, दुसरी येतेय, थांबा.
मी कठड्याला टेकून उभा,
डोक्यात प्रश्नपत्रिका, शुक्रवारी द्यायची होती.

खरं तर त्याने एकदा वर पाहिलं होतं.
पुलाकडे नाही, माझ्याकडे.
ते वाक्य मी शब्दमर्यादेसाठी काढलं.

अर्धा तास लाल पेन त्या पानावर.
समासात लिहिलं: नांग्यांचं मला दिसलं नाही.
मग ते खोडलं, तीन वेळा, वाचता येऊ नये असं.
पूर्ण गुण दिले.
पुढचा पेपर उघडला.
दारिद्र्य.