बूच

रॉड निवडताना हवेत फटके मारून पाहू नये,
हे तू मला राणीपुऱ्यात, इक्बालभाईंच्या दुकानात,
सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं होतंस, उन्हेलकर.
"माश्या मारायच्यात का मासे?
टोक जमिनीला टेकव, हळूच दाब,
वाक कुठून सुरू होतो ते बघ.
मरळीला असा लागतो
बोलायला नरम, हिशेबाला ताठ,
सियागंजातल्या मुनिमासारखा."

मी सहा फुटी घेतला, तू साडेसहा.
नाव मात्र अर्धी अर्धी.
देपालपूरच्या एकानं लग्नापायी विकायला काढलेली,
फायबरची, एका बाजूला जरा खरचटलेली.
तू खाली वाकून
रुपयाच्या नाण्यानं तिचा तळ वाजवत गेलास,
एके जागी आवाज बद्द आला.
इथे पाणी मुरलंय, म्हणालास,
आणि दीड हजार उतरवलेस.

चार महिने झाले तुला पुण्याला जाऊन.
दर रविवारी तुझा फोन:
"काय करून राहिलास?"

रीळ उघडलं, सांगतो.
बेअरिंगला शिवणयंत्राचं तेल, एकच थेंब,
दातऱ्यांना ग्रीस, उलट नाही.
ब्रेक पूर्ण सैल सोडून ठेवला.
(आवळून ठेवला की वॉशर चपटे होतात
आणि मोठा मासा लागतो त्याच दिवशी अडतात.
हेही तुझंच.)
तंगूस नखावरून ओढून पाहिली,
पहिले वीस हात चरचरीत झालेत, कापून टाकले.
गळ पुसून, उन्हात वाळवून शेवेच्या डब्यात.
एक ओला राहिला तरी सगळा डबा गंजतो.
रबरी बेडूक वेगवेगळे ठेवायचे विसरलो,
उन्हाळ्यात दोघांचा मिळून एकच झाला,
चार डोळ्यांचा.
तो फेकलेला नाही.

नाव उलटी, दोन टायरांवर.
ताडपत्री बांधलीय पण सैल, आत वारा खेळेल अशी.
खाली मांजर व्यायली आहे.
बायको म्हणते, कुणाच्या तरी उपयोगी आली.

एवढं सगळं सांगतो.
एक सांगत नाही.

मागच्या बाजूला, तळाशी,
पाणी सोडायचं भोक, अंगठ्याएवढं.
त्याचं पितळी बूच तू स्कूटरच्या किल्लीत अडकवलं होतंस,
कारण त्या वर्षी यशवंत सागरला
आपण बुचाशिवायच नाव लोटली.
ठेकेदाराची पावती, पुरीचा डबा,
तुझ्या नव्या चपला, सगळं तरंगायला लागलं,
आणि तू गुडघाभर पाण्यात, नावेतच उभा राहून
मला विचारलंस, "तुझ्याकडे होतं ना?"
मी म्हटलं, "तुझ्याकडे."
काठावरची पोरं हसून हसून लोळली.
तेव्हापासून किल्लीत.
"आता स्कूटर सुरू झाली म्हणजे बूच आलंच."

स्कूटर विकलीस तेव्हा किल्ली नव्या मालकाला दिलीस.
बूच काढून खिशात टाकलंस,
आणि सामानाच्या, तिकिटाच्या, वहिनींच्या गडबडीत
ते तुझ्याबरोबर गाडीत बसलं.

राणीपुऱ्यात मिळतं. रबराचं. चाळीस रुपये.
इक्बालभाईंनी माझ्या मापाचं बाजूला काढून ठेवलंय.
दोनदा गेलो.
एकदा तंगूस घेऊन आलो,
एकदा पॉलिश पेपर.

काल विचारलंस, सागराला पाणी किती?
चिकार, म्हटलं. कडेच्या गवतात मरळ उसळून राहिलीय.
"मग जात का नाहीस?"
पाठ धरलीय, म्हटलं.

तू काही बोलला नाहीस.
मग तुझ्या तिकडे, मागे, नातवावर ओरडलास,
"ए, ते ठेव. ते खेळायचं नाहीये."
आणि फरशीवर काहीतरी पडलं,
पितळेचं,
घरंगळत गेलं लांबवर, कपाटाखाली असेल.
आवाज थांबेपर्यंत
आपण दोघंही फोन धरून होतो.