पेर

लकडगंजात दुपारी दोनला
आरागिरणी जेवायला थांबते,
तेव्हा शिवगणभाई काउंटरवर मांडतात
बांबूच्या चार फळ्या,
हातभर लांब, मागे किमतीची चिठ्ठी.

ही आडवी, पट्ट्या निजवून चिकटवलेल्या.
ही उभी, पट्ट्या कडेवर, रेघा बारीक वहीसारख्या.
ही तीच, पण वाफेवर शिजवून तपकिरी केलेली.
आणि ही स्ट्रँड :
धागा न् धागा सुटा करून, गोंदात भिजवून
प्रेसखाली दाबलेली.
"सागापेक्षा कडक, बेन. वरून ट्रंक ओढा."

देवानंद फोनवर :
टाइल्स टाक ना, मे महिन्यात पाय तरी गार राहतात.
मी म्हणते, पाहून राहिली अजून.
बेसाला दोन खोल्या, वीस वर्षांचा हप्ता,
आणि मला एकदा
बांबूवर उभं राहायचंय.
बांबूसमोर बसून झालं.

आई स्टुलावर बसत नाही.
फळी उचलते, बोटाच्या सांध्यानं ठोकते,
कानाशी नेते,
मग नाकाशी.
सिंदेवाहीत जन्मभर मानवेल फाडलेला हात तो,
अंगठ्याच्या बुडाशी कोयतीच्या पांढऱ्या रेघा.
किती सुपं, किती परड्या,
हिशेब तिनं ठेवला नाही.
घेणाऱ्यानं ठेवला.

तपकिरीवर तिनं नख दाबलं.
"लय शिजवला. मऊ पडला."
रंग छान येतो पण, आजी.
"भाताचाही येते.
करपला का."

मग स्ट्रँडची फळी तिनं उलटी केली, पालटी केली,
दाराच्या उजेडात धरली.
"याचं पेर कुठी गेलं?"
पेर नसतं यात, मी म्हटलं,
सगळं कुटून एक केलेलं असतं.
"मंग हा किती वर्साचा होता, कोनाले कसं समजंन?
अवसेच्या अंगानं तोडला का पुनवेच्या?
टोका लागला त बोलाचं कोनाले?"
शिवगणभाईंनी कॅटलॉग चाळला.
त्यात दहा वर्षांची गॅरंटी होती.
अवस नव्हती.

मी तीच घेणार होते, कडक.
ओरखडा उठणार नाही,
कूलरचं पाणी सांडलं तरी फुगणार नाही,
सोसायटीतल्या बाया विचारतील, कोणतं लाकूड हो हे,
आणि मी नुसती हसेन.
हसण्याची तयारीही करून ठेवली होती.

तोवर आईच्या मांडीवर आडवी गव्हाळ फळी.
तीत पेरं दिसतात,
फिकट काळसर गाठी,
उन्हातून आलेल्या पोरांच्या गुडघ्यांसारख्या.
ती अंगठा फिरवत होती त्यांवरून,
मोजत नव्हती.
"खुर्ची ओढली त खड्डा पडंल यात," ती म्हणाली.
"पडला त पडला.
पन बांबू हाय."

मी चेकबुक काढलं,
पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं.
शिवगणभाई पंख्याकडे बघत राहिले.

बसवायला इम्रान आला, सोबत एक पोरगा.
चारी भिंतींपाशी त्यानं अर्धा इंच जागा सोडली.
काहून, मी विचारलं.
"ऑगस्टमध्ये फुगते ना, ताई.
जागा नाही दिली, तर मधातूनच उठते.
वरून पट्टी येईल, कोणाला दिसणार नाही."

आई दारात, चपला हातात धरून.
त्या फटीकडे बराच वेळ बघत होती.
"तोडल्यावरबी पानी आठवते त्याले,"
इम्रानला म्हणाली, मला नाही.

मग आत आली.
खिडकीखाली बसली,
एक पाय पुढे काढून, अंगठा टेकवून,
फाडताना बांबू दाबून धरतात तसा.
हातात काही नव्हतं.
मी स्वयंपाकघरातून पाहत होते, ती नेमकी
एका पेरावर बसलेली,
आणि खुर्ची अजून आलेली नव्हती.

"बरं हाय," ती म्हणाली.
"कूलर जरासा इकडं कर."