सेलचा प्रकार

पंपावरच्या दुकानात, माझ्या काउंटरमागे,
दोन खुंट्यांवर सेल टांगलेत.
डावीकडे अल्कलाइन, चाराचं पाकीट, स्वस्त.
उजवीकडे लिथियम, तिप्पट पैसे,
आणि तळहातावर घेतले तर
आत काही आहे की नाही अशी शंका यावी इतके हलके.
एवढ्याशा वजनाचे एवढे पैसे कसले,
प्रत्येक जण एकदा तरी विचारतो.
मी म्हणते, थंडीचे.

योव्ना सव्वीस वर्षं डावीकडचेच नेत आला.
उणे तिसात ते तग धरत नाहीत हे त्याला पाठ,
म्हणून दोन कायम काखेत,
रेनडियरच्या कातड्याखाली, लोकरीखाली, थेट अंगाला.
जीपीएसमधले गारठले की
काखेतले आत, आतले काखेत.
गारठलेला सेल मेलेला नसतो, म्हणायचा,
रुसलेला असतो. ऊब द्या, बोलेल.
खरंच आहे. आमच्या पठारावर जानेवारीत
अर्धी माणसं एक हात आवळूनच चालतात.

गारेन गेली त्या हिवाळ्यानंतर
धाकट्या आयलूने ट्रोम्सोहून
डझनभर लिथियम पाठवले.
सोबत चिठ्ठी :
बाबा, आता काख मोकळी करा.

चाळीस माद्या ओढ्यापलीकडे भरकटल्या,
तेव्हा सूर्य जाऊन तीन आठवडे झाले होते.
स्कूटरचा माग मागे वळून बघेपर्यंत बुजत होता.
पडद्याच्या कोपऱ्यात सेलची चारही घरं भरलेली.
सोमवारपासून भरलेली.
योव्नाला सवय चार, तीन, दोनची,
एका घराला पोचला की तोंड गावाकडे फिरवायची.
इथे कुणी उतरलंच नाही.
भरलेलं होतं, आणि मग काळं.

त्याला वाटलं, यंत्र गेलं.
भरलेले सेल कोण बदलतं?
काखेत, जुन्या खोडीने, दोन नवे सेल
अंगाइतके गरम,
आणि हा रात्रभर गावाला वळसा घालतोय.
दोनदा तर स्वतःचाच माग ओलांडला म्हणे,
आणि दुसऱ्या कुणाचा असेल म्हणून
त्याच्यामागे गेला.

सकाळी सहाला, सकाळ आपली घड्याळापुरती,
त्याने यंत्र माझ्या काउंटरवर आपटलं.
खोटं बोलतं हे.
मी आधी कॉफी दिली. मिशीतला बर्फ कपात टपकत होता.
मग नवे सेल घातले, सेटिंगमध्ये गेले, खाली खाली,
भाषा, वेळ, आवाज,
आणि तिथे : सेलचा प्रकार.
अल्कलाइन.
याला सांगावं लागतं, मी म्हटलं, आत कोण आहे ते.
नाहीतर हे जुन्याच हिशेबाने मोजत बसतं.
आणि सांगितलं तरी फार भरवसा धरू नकोस,
लिथियम शेवटपर्यंत मान ताठ ठेवतो.

तो बराच वेळ कपात बघत होता.
गारेनने त्या संध्याकाळी पीठ भिजवलं होतं, म्हणाला,
दुसऱ्या दिवसासाठी.
आयलू येणार म्हणून जरा जास्तच.

मी काहीतरी बोलायला हवं होतं.
नेमका डिझेलचा टँकर आला, सही करायला बाहेर जावं लागलं.
परत आले तर तो जाड अंगठ्याने
ते बारीक बटण दाबत होता,
अल्कलाइन, लिथियम, अल्कलाइन,
मागे पुढे,
जणू दोन्हींतलं एक अजून ठरायचं होतं.

जाताना उजवीकडचं एक पाकीट घेतलं.
दारातच कोट उघडून दोन काखेत सरकवले.
त्यांना नाही लागत ते, मी म्हटलं.
माहीत आहे, म्हणाला, आणि कोट मिटला.

माद्या गुरुवारी आपणहून परत आल्या.
अडतीस.
दोघींसाठी तो अजून रोज जातो.